‘प्लॅटफॉर्म-इंडिपेंडंट’ लिहिण्याआधी

मागच्या महिन्यात दोन ज्युनियर्सचे सिनॉप्सिस माझ्याकडे वाचायला आले. एकाचा विषय ठिबक सिंचनाचा, दुसरीचा जमिनीच्या धुपीचा. विषय वेगळे, पण दोघांच्याही शेवटच्या भागात जवळजवळ सारखंच वाक्य होतं: ‘सदर संगणक प्रणाली पायथॉन भाषेत विकसित करण्यात येईल व ती प्लॅटफॉर्म-इंडिपेंडंट असेल.’ मी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘कुणाच्या कॉम्प्युटरवर?’

या वाक्यावर मी इतकी का चिडते, तर माझ्या स्वतःच्या सिनॉप्सिसमध्येही ते होतं. आणि त्याची किंमत मी एका हंगामाच्या नोंदींनी मोजली आहे.

माझं टूल साधं होतं. रोजचं कमाल-किमान तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग आणि सूर्यप्रकाशाचे तास भरायचे. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या (एफएओ) ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतलं पेनमन-माँटीथ सूत्र लावायचं. मग त्या दिवशीची पिकाची पाण्याची गरज मिलिमीटरमध्ये मिळणार. नोंदी तीन ठिकाणी व्हायच्या होत्या. त्यातलं एक ठिकाण म्हणजे तालुक्याच्या गावातलं एक कॉलेज. मी लॅपटॉपवर पॅकेज बनवलं, पेन ड्राइव्हवर घातलं, दिलं आणि निर्धास्त झाले. दोन दिवसांनी तिथल्या एम.एस्सी.च्या मुलाचा फोन आला, “ताई, हे उघडतच नाही. कुठलीतरी डीएलएल नाही म्हणतंय.”

दोन आठवडे मी अँटीव्हायरसला दोष देत बसले. खरं कारण फार साधं होतं. त्या प्रयोगशाळेतले कॉम्प्युटर विंडोज ७ वर चालत होते, आणि पायथॉनच्या ३.९ पासूनच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालतच नाहीत. तोवर काम अडू नये म्हणून त्या मुलाने आपल्या एक्सेलमध्ये तापमानावर आधारलेलं एक जुनं सूत्र लावून आकडे काढायला सुरुवात केली होती. मी दिलेल्या सूचनांत ‘रोजचे आकडे टूलमध्ये भरा’ एवढंच होतं. मूळ नोंदी वेगळ्या जपून ठेवा, असं कुठेच नव्हतं. हंगाम संपल्यावर माझ्या हातात आले ते फक्त त्याचे शेवटचे मिलिमीटर. वारा नाही, आर्द्रता नाही. बाकी दोन ठिकाणांशी ते आकडे जुळवायला काही मार्गच उरला नाही आणि ते ठिकाण प्रबंधातून गळलं. त्या मुलाची यात काहीही चूक नव्हती.

म्हणून हा लेख. तुम्ही पेट देऊन संशोधनात शिरणार असाल आणि तुमच्या कामात एखादं छोटंसं सॉफ्टवेअर बनणार असेल, तर ते लोकांपर्यंत कसं पोचवायचं हा प्रश्न शेवटच्या प्रकरणासाठी ठेवू नका. तो तुमच्या संशोधन पद्धतीचाच भाग आहे. नमुना किती घ्यायचा हे जसं आधी ठरवता, तसंच हेही आधी ठरवायचं असतं.

कोड चालणं वेगळं, पॅकेज चालणं वेगळं

डिप्लॉयमेंट म्हणजे साध्या भाषेत तीन कामं: सॉफ्टवेअर समोरच्याच्या कॉम्प्युटरवर पोचवणं, ते तिथे चालतं ठेवणं आणि गरज पडली तर बदलणं. ‘प्लॅटफॉर्म-इंडिपेंडंट’ हा शब्द यातल्या एकाही कामाबद्दल काही सांगत नाही. तो फक्त एवढंच सांगतो की भाषेचा दुभाषा, म्हणजे इंटरप्रिटर, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर मिळतो. बियाणं एकच असलं तरी भारी जमिनीत आणि मुरमाड जमिनीत आपण पेरणी सारखी करत नाही. कोड हे बियाणं आहे.

आणि कोड तरी खरंच सगळीकडे सारखा चालतो का? २०१९ मध्ये हवाई विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘ऑरगॅनिक लेटर्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. मिनेसोटा विद्यापीठातल्या गटाने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पायथॉन स्क्रिप्ट ते वापरत होते. रेणूंच्या रचना ताडून पाहण्यासाठी रसायनशास्त्रज्ञ त्या वापरत असत. त्यांच्या लक्षात आलं की त्याच फाइल्स, तीच स्क्रिप्ट, पण ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की उत्तर बदलतं. कुठेही एरर नाही, काही नाही. आकडा तेवढा वेगळा. कारण असं की फोल्डरमधल्या फाइल्सची यादी मागितली, की ती कोणत्या क्रमाने मिळेल हे सिस्टिमवर अवलंबून असतं, आणि स्क्रिप्टने तो क्रम गृहीत धरला होता. यादी आधी क्रमाने लावून घ्या, इतका छोटा त्यावरचा उपाय होता.

माझं टूल उघडलंच नाही, म्हणून निदान चूक कळली तरी. उघडलं असतं आणि चुकीचा आकडा दिला असता, तर तो प्रबंधात छापला गेला असता. आपल्याकडे याचं सगळ्यात नेहमीचं रूप म्हणजे तारीख. ०४/०६ म्हणजे चार जून की सहा एप्रिल, हे त्या विंडोजची प्रादेशिक सेटिंग भारताची आहे की अमेरिकेची यावर ठरतं. एका प्रयोगशाळेतल्या दोन शेजारच्या कॉम्प्युटरवर ही सेटिंग वेगळी असू शकते. दुसरं रूप म्हणजे देवनागरी. विंडोजवरच्या ‘आर’ला यूटीएफ-८ ही अक्षरपद्धत मूळची म्हणून मिळाली ती ४.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ साली. त्याआधी लिनक्सवर नीट दिसणारी गावांची मराठी नावं विंडोजवर विस्कटायची. पॅकेज कितीही छान बांधा, या गोष्टी त्याने सुटत नाहीत. त्या कोडमध्येच सोडवाव्या लागतात.

दोन जुनी उदाहरणं

सिंचनावर काम करणाऱ्या बहुतेकांनी एफएओचं क्रॉपवॅट पाहिलेलं असतं. क्रॉपवॅट ८.० हे विंडोजचं प्रोग्रॅम आहे. डेल्फीमध्ये लिहिलेलं, विंडोज ९५ पासूनच्या सिस्टिम डोळ्यासमोर ठेवून बनवलेलं. आजच्या नजरेला त्याची खिडकी जुनाट वाटते. पण डिप्लॉयमेंटच्या कसोटीवर मी त्याला चांगले गुण देईन. छोटी फाइल, एकदा घातली की इंटरनेट लागत नाही, लॉगिन नाही, कुठल्या सर्व्हरची वाट पाहणं नाही. पीक, माती, पाऊस यांच्या फाइल्स प्रोग्रॅमपासून वेगळ्या, त्यामुळे तुमचा डेटा तुमच्याच हातात राहतो. त्याची मर्यादाही तितकीच उघड आहे: मॅक किंवा लिनक्स वापरणाऱ्याने काय करायचं, याचं उत्तर त्यात नाही.

त्याच संस्थेचं अ‍ॅक्वाक्रॉप बघा. पाण्यानुसार उत्पादन किती येईल याचा अंदाज देणारं हे मॉडेल २००९ पासून लोकांच्या हातात आहे, आणि बटणं-आलेख असलेली त्याची खिडकी विंडोजचीच आहे. पण २०२२ मध्ये सातव्या आवृत्तीबरोबर त्यांनी गणिताचा भाग फोर्ट्रानमध्ये मांडून खुला केला. खिडकी नसलेला हा भाग विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतो. ज्याला एका शेताचं गणित करायचंय तो खिडकी उघडतो. ज्याला हजार ठिकाणांचं करायचंय तो सर्व्हरवर तो गाभा चालवतो.

मला यातून घेण्यासारखा सगळ्यात मोठा धडा वाटतो तो हाच. गाभा वेगळा आणि खिडकी वेगळी ठेवा. तिन्ही सिस्टिमवर चालायला हवा तो गाभा, कारण परीक्षक, समीक्षक आणि पुढचा संशोधक त्यावरच बोट ठेवणार आहे. खिडकी एकाच सिस्टिमसाठी केलीत तरी चालेल, पण मग तसं लिहा. माझ्या टूलमध्ये सूत्र बटणाच्या फंक्शनमध्येच लिहिलेलं होतं. खिडकी उघडली नाही, म्हणून सूत्रही मेलं.

‘वेबवर टाकून दे ना’

हा सल्ला तुम्हाला हमखास मिळेल. ब्राउझर सगळीकडे असतो, इन्स्टॉल करायची कटकट नाही, एकदा बदललं की सगळ्यांना नवं दिसतं. सल्ला वाईट नाही. तो कुणासाठी आहे हे बघायला हवं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने सिंचनाच्या हिशोबासाठी ‘फुले जल’सारखं साधन मोबाइलवर आणलं, ते बरोबरच केलं. तिथे वापरणारा शेतकरी आहे, त्याच्या खिशात फोन आहे, आणि त्याला आजचा आकडा हवाय. मागच्या वर्षीचा आकडा पुन्हा तसाच काढून दाखवण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही.

तुमच्यावर ती आहे. वेबवरचं टूल रात्रीतून बदललं तर मार्चमध्ये काढलेला आकडा जूनमध्ये येत नाही, आणि का येत नाही हे सांगायला जुनी आवृत्ती कुठेच उरलेली नसते. शिवाय सर्व्हरचं भाडं कोण भरणार? फेलोशिप संपली की डोमेनचं नूतनीकरण राहून जातं. तुमच्या शोधनिबंधात पत्ता छापलेला असतो, पण त्या पत्त्यावर कुणी राहत नाही.

आणि ‘ब्राउझरमध्ये चालतं म्हणजे कायम चालेल’ हेही खरं नाही. ३१ डिसेंबर २०२० नंतर अ‍ॅडोबने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि त्यावर बांधलेली शिकवण्याची कितीतरी साधनं एकदम बंद पडली. जावाची गोष्ट त्याहून बोलकी आहे. ‘एकदा लिहा, कुठेही चालवा’ ही जावाचीच घोषणा. वेबवरच्या एका दुव्यावर क्लिक केलं की डेस्कटॉप प्रोग्रॅम आपोआप उतरून चालू व्हावा, यासाठी जावा वेब स्टार्ट नावाची सोय होती. २०१७ मध्ये जावा ९ मध्ये ती मोडीत निघणार असं जाहीर झालं आणि २०१८ च्या जावा ११ मध्ये ती काढूनच टाकली. ज्यांचं पोचवण्याचं सगळं गणित त्या एका सोयीवर उभं होतं त्यांचा कोड शाबूत राहिला, वाट तेवढी बंद झाली.

सगळं एका डब्यात

मग दुसरी टोकाची पद्धत: प्रोग्रॅम, इंटरप्रिटर, लायब्रऱ्या, सगळं एकत्र बांधून द्यायचं. पायथॉनवाले यासाठी पायइन्स्टॉलर वापरतात. मीही तेच वापरलं. त्याच्याबद्दल तीन गोष्टी आधी माहीत असायला हव्यात. एक, विंडोजचं पॅकेज विंडोजवरच बनतं, मॅकचं मॅकवर. तिन्ही सिस्टिमसाठी द्यायचं तर तिन्ही सिस्टिम हाताशी हव्यात. दोन, सगळं एकाच ईएक्सई फाइलमध्ये कोंबण्याचा पर्याय दिसायला सुटसुटीत असतो, पण ती फाइल दर वेळी उघडताना तात्पुरत्या फोल्डरमध्ये स्वतःला सोडवते. जुन्या हार्ड डिस्कवर ती उघडेपर्यंत माणूस चार वेळा डबल-क्लिक करतो. शिवाय अशा फाइल्सवर अँटीव्हायरस उगाच संशय घेतात. फोल्डरच्या रूपात दिलेलं पॅकेज दिसायला ओबडधोबड, पण वागायला बरं. तीन, पॅकेज ज्या पायथॉनने बनवलंय त्याच्या मर्यादा त्याच्याबरोबर येतात. माझं विंडोज ७ चं दुखणं तेच होतं.

ज्यांना जावास्क्रिप्ट येतं ते इलेक्ट्रॉनकडे जातात. गिटहबच्या अ‍ॅटम या एडिटरसाठी बनवलेली ही चौकट आज फार मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिसायला सुंदर, तिन्हीकडे सारखं. पण प्रत्येक अ‍ॅपबरोबर अख्खं क्रोमियम ब्राउझर जातं, त्यामुळे चार सूत्रांच्या टूलचं वजनही शंभर एमबीच्या पुढे. २०२३ पासून इलेक्ट्रॉननेही विंडोज ७ आणि ८ सोडून दिलंय. टाउरी ही नवी चौकट सिस्टिममध्ये असलेलंच वेबव्ह्यू वापरते, म्हणून पॅकेज हलकं होतं. पण विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडची वेबव्ह्यू वेगळी, म्हणजे तपासणी पुन्हा तिप्पट.

याशिवाय सही. विंडोजवर इंटरनेटवरून उतरवलेलं, सही नसलेलं प्रोग्रॅम उघडलं की स्मार्टस्क्रीनचा निळा इशारा येतो. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून अ‍ॅपलकडून नोटरायझेशन करून घेतलेलं नसेल तर प्रोग्रॅम सरळ उघडत नाही, आणि त्यासाठीची डेव्हलपर वर्गणी वर्षाला ९९ डॉलर आहे. विंडोजच्या सहीचं प्रमाणपत्रही विकत घ्यावं लागतं, आणि २०२३ पासून त्याची किल्ली हार्डवेअर टोकनवर ठेवणं सक्तीचं आहे. स्कॉलरच्या बजेटमध्ये हे कुठे बसवायचं? बहुतेक जण मग वापरणाऱ्याला सांगतात, ‘इशारा आला तर पुढे दाबा.’ मीही सांगितलं होतं. पण त्यातून आपण प्रयोगशाळेतल्या माणसाला इशाऱ्यांकडे दुर्लक्ष करायला शिकवतो, हे विसरू नका. निदान फाइलचा शा-२५६ ठसा सूचनांच्या कागदावर छापा आणि तो विंडोजमधल्याच सर्टयूटिल आज्ञेने कसा ताडायचा ते दोन ओळींत लिहा.

लिनक्स आणि डॉकर

लिनक्सवर अडचण उलटी: वाटा फार. उबुंटू-डेबियनसाठी डेब, फेडोरासाठी आरपीएम, शिवाय स्नॅप, फ्लॅटपॅक आणि अ‍ॅपइमेज. अ‍ॅपइमेज संशोधकाला सगळ्यात सोयीचं वाटतं, कारण एकच फाइल, इन्स्टॉल नाही. पण उबुंटू २२.०४ पासून त्याला लागणारी जुनी फ्यूज लायब्ररी आधीपासून बसवलेली नसते, म्हणजे ‘काही इन्स्टॉल करावं लागत नाही’ हे वचन तिथेच मोडतं. माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या वापरणाऱ्यांत लिनक्सवाले असतील तर ते बहुधा टर्मिनलला घाबरत नाहीत. त्यांना खिडकीचं पॅकेज देण्यात वेळ घालवू नका. गाभा पायथॉन पॅकेज म्हणून द्या आणि प्रत्येक लायब्ररीची नेमकी आवृत्ती लिहिलेली यादी द्या.

डॉकरबद्दल एवढंच सांगते. आकडा पुन्हा तसाच काढून दाखवण्यासाठी त्याच्याइतकं नेमकं फार कमी असतं. परीक्षकासाठी ते जरूर बनवा. पण विंडोजवर डॉकर चालवायला व्हर्च्युअलायझेशन चालू हवं, रॅम हवी, अ‍ॅडमिन पासवर्ड हवा. तालुक्याच्या कॉलेजात तो पासवर्ड ज्यांच्याकडे असतो ते सर बहुधा परीक्षेच्या ड्यूटीवर असतात. डेटा गोळा करणाऱ्याच्या हातात देण्याचं ते साधन नव्हे.

दुसऱ्याच्या वाड्यात खोली

कधीकधी उत्तम डिप्लॉयमेंट म्हणजे स्वतःचं डिप्लॉयमेंट न करणं. क्यूजीआयएस हे नकाशांचं खुलं सॉफ्टवेअर २००२ पासून वाढतंय. विंडोजसाठी त्याचा इंटरनेटशिवाय बसणारा एमएसआय मिळतो, नेटवरून हवं तेवढंच घेणारा वेगळा इन्स्टॉलर मिळतो, मॅक आणि लिनक्ससाठी वेगळी पॅकेजेस मिळतात, आणि दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती वेगळी सांगितलेली असते. कुणी काय उतरवायचं हेही तिथेच स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमचं टूल नकाशावर चालणारं असेल, तर त्याचं क्यूजीआयएस प्लगइन करा. प्लगइन म्हणजे पायथॉन फाइल्सची एक झिप. तिन्ही सिस्टिमवर पोचवण्याचं ओझं त्यांनी आधीच उचललंय. संख्याशास्त्राचं असेल तर आर पॅकेज करा.

भाडेकरू असण्याचे तोटेही घ्यावे लागतात. ३.२० पासून क्यूजीआयएसने विंडोजसाठी फक्त ६४ बिटच द्यायला सुरुवात केली, म्हणजे जुने ३२ बिट कॉम्प्युटर मागे राहिले. २०१८ मध्ये ३.० आलं तेव्हा ते पायथॉन ३ वर गेलं आणि २.x साठी लिहिलेली प्लगइन्स पुन्हा लिहावी लागली. वाड्याचा मालक भिंत हलवतो तेव्हा भाडेकरूला विचारत नाही.

जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा

डिप्लॉयमेंटमधलं तिसरं काम म्हणजे बदल. त्याची परीक्षा आपल्या जिल्ह्यानेच घेतली. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. त्याआधी २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं होतं. आता समजा तुमच्या टूलमध्ये जिल्ह्यांची यादी प्रोग्रॅमच्या आत लिहिलेली आहे, आणि त्याच्या प्रती चौदा तालुक्यांत वाटलेल्या आहेत. काहींना तुम्ही नवी प्रत दिली, काहींना नाही. हंगामाच्या शेवटी दोन फाइल्स जोडायला बसलात की कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते दोन वेगळे जिल्हे असतात. जोडणी चुकते, ओळी गळतात, आणि बहुतेक वेळा कुठलाही इशारा येत नाही. नाव बदललं नसतं तरी अडचण होतीच: २०११ च्या जनगणनेत रोमन लिपीत ‘अहमद’चं स्पेलिंग आपण नेहमी लिहितो त्याहून एका अक्षराने वेगळं आहे.

उपाय पॅकेजिंगचा नाही, रचनेचा आहे. नाव दाखवायला ठेवा, जोडणी मात्र कोडवर करा. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याचा कोड ५२२ आहे. त्याला राजकारण कळत नाही. आणि नावांची यादी प्रोग्रॅमच्या बाहेर, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे ती बदलायला अख्खं पॅकेज पुन्हा बांधावं लागणार नाही. अशा वेळी ‘ऑटो-अपडेट असतं तर’ असा मोह होतो. संशोधनाच्या टूलमध्ये मी त्याच्या विरोधात आहे. हंगामाच्या मध्यावर तीन ठिकाणांपैकी दोन ठिकाणी आवृत्ती बदलली, तर तो उपकरण बदलल्यासारखाच प्रकार आहे. पर्जन्यमापक कुणी ऑगस्टमध्ये बदलतं का? प्रत्येक आकड्याबरोबर टूलची आवृत्ती आपोआप लिहिली जाईल एवढं करा, आणि बदल हंगामांच्या मध्ये करा.

मग निवडायचं कसं

पद्धतींची तुलना करणारे तक्ते भरपूर मिळतात. त्यात आकार, वेग, सुरक्षा असे रकाने असतात; वापरणारा माणूस मात्र नसतो. मी उलट्या बाजूने सुरुवात करायला सांगेन. टूल लिहिण्याआधी जिथे ते चालणार आहे तिथे एकदा जाऊन या आणि कागदावर लिहा: विंडोज कोणतं, किती बिट, रॅम किती, अ‍ॅडमिन पासवर्ड कुणाकडे, नेट कसं, वीज कधी जाते, तारीख कुठल्या पद्धतीने दिसते. मग विचारा, हा आकडा पाच वर्षांनी पुन्हा काढून दाखवायला कोण सांगू शकतं आणि त्याच्याकडे कोणती सिस्टिम असेल. ही दोन माणसं, डेटा भरणारा आणि आकडा तपासणारा, बहुधा वेगळी असतात. दोघांना एकाच पॅकेजने खूश करण्याचा हट्ट सोडा.

आपल्या भागातल्या साध्या कामासाठी माझी शिफारस अशी: भरणाऱ्यासाठी विंडोजचं पोर्टेबल फोल्डर, जे झिप उघडून कुठेही ठेवता येतं आणि ज्याला अ‍ॅडमिन लागत नाही, ते तुमच्या यादीतल्या सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरवर तपासलेलं असावं. तपासणाऱ्यासाठी खिडकीशिवायचा गाभा, आवृत्त्यांच्या यादीसह. आणि दोन्ही, मूळ नोंदींसकट, झेनोडोवर ठेवून डीओआय घ्या. २०१३ पासून सर्नच्या आधाराने चालणारी ही सेवा फुकट आहे. आपले प्रबंध शोधगंगेवर किंवा कृषिकोशवर जातात. त्यातले आकडे ज्याने काढले ते टूल मात्र लॅपटॉपबरोबर फॉरमॅट होतं. प्रबंधात तो डीओआय छापा.

या शिफारशीत खोट आहे, तीही सांगते. विंडोज ७ साठी पायथॉन ३.८ धरावं लागतं आणि त्याचा अधिकृत आधार ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. विंडोज ७ चा तर जानेवारी २०२० मध्येच. जुन्या सिस्टिमला सांभाळून घेणं म्हणजे असुरक्षित गोष्ट चालू ठेवणं, हा आक्षेप बरोबर आहे. पण कॉलेजने कॉम्प्युटर कधी बदलावेत हे तुमच्या हातात नाही. हंगाम कधी सुरू होतो हेही नाही.

आता तो सिनॉप्सिसमधला मजकूर. त्याऐवजी असं लिहा: ‘गणनेचा गाभा विंडोज १०, उबुंटू २२.०४ आणि मॅकओएसवर एकाच नमुना डेटाने तपासला जाईल व तिन्ही उत्तरांची तुलना परिशिष्टात दिली जाईल. नोंदी भरण्याचे साधन फक्त विंडोजसाठी असेल. मूळ नोंदी स्वतंत्र फाइलमध्ये जतन केल्या जातील.’ कमी भारदस्त वाटेल. पण मौखिकीत प्रत्येक शब्दाला तुम्ही उत्तर देऊ शकाल.

शेवटी त्या एम.एस्सी.च्या मुलाकडे परत येते. बऱ्याच उशिराने माझ्या लक्षात आलं की त्याने जे केलं तेच खरं तर त्या ठिकाणासाठी योग्य डिप्लॉयमेंट होतं. एक्सेल तिथल्या प्रत्येक कॉम्प्युटरवर होतं, त्याला ते येत होतं, आणि ते उघडत होतं. ५६ क्रमांकाच्या पुस्तिकेतलं सूत्र एका शीटमध्ये मावतं. मी त्याला सूत्राचे रकाने कुलूपबंद केलेली, मूळ नोंदींचे रकाने उघडे ठेवलेली, तारखेसाठी वर्ष-महिना-दिवस असे तीन वेगळे रकाने असलेली एक शीट दिली असती, तर तिसरं ठिकाण आज माझ्या प्रबंधात असतं. पण मला सॉफ्टवेअर बनवायचं होतं, कारण सिनॉप्सिसमध्ये ‘विकसित करण्यात येईल’ असं लिहून बसले होते.

म्हणून पॅकेज बांधून झालं की ते पेन ड्राइव्हवर घ्या, तुमच्या विषयातलं काही माहीत नसलेल्या एखाद्याला द्या आणि शेजारी हाताची घडी घालून बसा. तो अडेल तिथे बोलू नका. कुठे अडला ते लिहून घ्या. हंगाम सुरू व्हायच्या आधी महिनाभर हे करा.